लाल मणी सरकला की

अतिदक्षता विभागातला मॉनिटर रुग्णाचा श्वास आपोआप मोजतो. ब्रिटनमध्ये 2012 पासून वापरात असलेल्या ‘न्यूज’ या गुणपद्धतीत मिनिटाला 25 किंवा अधिक श्वास असले, तर एकदम 3 गुण मिळतात आणि डॉक्टरांना तातडीने बोलावणे जाते. पण गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात, मोजणी फारशी न येणाऱ्या दाईने काय करायचे?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिच्यासाठी श्वासमापक बनवला: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी सहा मणी, मोठ्या मुलासाठी पाच. प्रत्येक ओळीतला शेवटचा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया आहे असे धरून उपचार सुरू. निदानाचा उंबरठा, म्हणजे 60 किंवा 50, तिला आठवावाच लागत नाही. तो मण्यांतच बसवलेला आहे. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पुढे नवजात बाळांच्या जंतुसंसर्गासाठीही त्यांनी असाच नियम शोधला: दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, की धोका. 39 गावांतल्या त्यांच्या घरपोच नवजात सेवेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटवल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभरातल्या आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात, त्या योजनेचे मूळ याच गावांत आहे.