किवी, पेरू आणि तापाचा हंगाम

पावसाळा संपता संपता यवतमाळ, पुसद, वणी या गावांच्या बाजारांत एक फळ ठळकपणे दिसू लागते. तपकिरी सालीचे, अंगावर लव असलेले, बटाट्याएवढे हे फळ म्हणजे किवी. केळी डझनाने आणि पेरू किलोने विकले जातात, पण किवी बहुधा नगावर विकली जाते. घेणाऱ्यांत हौसेने घेणारे थोडे आणि काळजीने घेणारे अधिक असतात. घरात कोणाला डेंग्यू झालेला असतो आणि किवीने प्लेटलेट वाढतात असे कोणीतरी सांगितलेले असते. शेतमजूर कुटुंबाने दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा चार फळांवर खर्च करावा, असे या फळात काय आहे? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि आपल्याला त्याचे नेमके उत्तर देता यायला हवे.

एका शिक्षिकेने नेलेले बी

किवी मूळची चीनची. तेथील डोंगराळ जंगलांत तिचे वेल वाढतात. इझाबेल फ्रेझर नावाच्या एका मुख्याध्यापिका चीनला गेल्या होत्या. १९०४ साली परतताना त्यांनी या फळाचे बी न्यूझीलंडला नेले. तेथे त्याच्या बागा उभ्या राहिल्या. प्रथम हे फळ ‘चिनी गूजबेरी’ या नावाने ओळखले जाई. १९५९ मध्ये निर्यातीसाठी सुटसुटीत नाव हवे म्हणून त्याला न्यूझीलंडच्या किवी पक्ष्याचे नाव देण्यात आले. भारतात १९६०च्या दशकात सिमल्याला त्याची लागवड करून पाहिली गेली. आज अरुणाचल प्रदेश आणि हिमाचल प्रदेश येथे किवी पिकते.

यवतमाळात ती का पिकत नाही? या वेलीला हिवाळ्यात कित्येक शे तास कडाक्याची थंडी मिळाली तरच तिचे डोळे नीट फुटतात. आपल्याकडे तशी थंडी पडत नाही आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून आपल्या बाजारातली प्रत्येक किवी शेकडो किंवा हजारो किलोमीटरचा प्रवास करून, शीतगृहात राहून आलेली असते. तिच्या किमतीत हा प्रवासही मोजलेला असतो.

किवीत काय असते?

हिरव्या गराच्या १०० ग्रॅम किवीत सुमारे ९० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. ऊर्जा सुमारे ६० कॅलरी, तंतुमय पदार्थ ३ ग्रॅम आणि पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. ‘के’ जीवनसत्त्वही बऱ्यापैकी असते. प्रौढ पुरुषाची ‘क’ जीवनसत्त्वाची रोजची शिफारस ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक मोठी किवी खाल्ली की दिवसाची बरीचशी गरज भागते.

किवीत ॲक्टिनिडिन नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईतले पपेन हेच काम करते, म्हणून तर मटण लवकर शिजावे यासाठी त्यात कच्ची पपई घालतात. किवी दुधात घालून ठेवली तर काही वेळाने दूध कडवट लागते, तेही याच विकरामुळे. रोज दोन किवी खाल्ल्यास बद्धकोष्ठता कमी होते, असेही रुग्णांवरील चाचण्यांत दिसून आले आहे. तेव्हा किवी हे चांगले फळ आहे यात शंका नाही. मात्र काहींना तिची ॲलर्जी असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियममुळे, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ‘के’ जीवनसत्त्वामुळे, डॉक्टरांना विचारूनच ती खावी.

आता आपल्या फळांकडे पाहू

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. त्यांत १०० ग्रॅम पेरूत, म्हणजे आपल्या वऱ्हाडी जांबात, २०० मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व दिलेले आहे. हे प्रमाण किवीच्या दुपटीहून जास्त आहे. आवळ्यासाठी जुन्या कोष्टकात ६०० मिलिग्रॅम हा आकडा होता, तर २०१७च्या कोष्टकात तो सुमारे २५० आहे. फळाची जात, पक्वता आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. पण कोणताही आकडा धरला तरी आवळा किवीच्या पुढेच राहतो.

याचा अर्थ असा की १०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळवायला साधारण दीड किवी लागते. तेवढेच अर्ध्या पेरूतून, एका मोठ्या आवळ्यातून किंवा दोन मध्यम संत्र्यांतून मिळते. बांधावरची बोरेही अगदीच मागे नाहीत. शरीर हे जीवनसत्त्व फारसे साठवून ठेवत नाही, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे एका दिवशी चार किवी खाण्यापेक्षा रोज अर्धा पेरू खाणे अधिक शहाणपणाचे.

या जीवनसत्त्वाचे आणखी एक काम आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. ज्वारी, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीराला सहज शोषता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्याचे रूप बदलून ते शोषण्याजोगे करते. मात्र दोन्ही एकाच जेवणात पोटात जायला हवीत. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शाळेतल्या जेवणासोबत पेरूची फोड किंवा वरणावर लिंबू मिळाले तर त्याच अन्नातून अधिक लोह मिळू शकते. मात्र विदर्भात सिकलसेलही आढळतो. तेथे रक्तक्षयाचे कारण वेगळे असते, म्हणून मूल फिकट दिसले तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

मग डेंग्यूचे काय?

डेंग्यू विषाणूमुळे होतो. त्यात साधारण तिसऱ्या दिवसापासून प्लेटलेट कमी होऊ लागतात आणि बहुतेक रुग्णांत काही दिवसांनी त्या आपोआप वाढतात. त्या वाढीच्या वेळी रुग्ण जे खात असेल त्याला श्रेय मिळते. कोणी किवी खाल्लेली असते, कोणी पपईच्या पानांचा रस घेतलेला असतो. पण काहीच न घेतलेल्यांच्या प्लेटलेटही वाढतातच. म्हणून तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. किवीने डेंग्यू बरा होतो याला ठोस पुरावा नाही. पेरूनेही तो बरा होत नाही, हेही येथेच सांगायला हवे.

खरा धोका पुष्कळदा ताप उतरताना असतो. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि रक्तदाब घसरू शकतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. पाणी, ताक, पेज, क्षारसंजीवनी यांसारखे द्रव पदार्थ भरपूर द्यावेत. तापावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. किवी आणायला बाजार फिरण्यात गेलेला वेळ या दृष्टीने महाग पडू शकतो.

प्रतिबंध तर घरातच आहे. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला तेव्हा यवतमाळकरांनी पाणी कसे साठवले ते अनेकांना आठवत असेल. टंचाईच्या गावी टाकी, ड्रम, रांजण भरून ठेवावेच लागतात, आणि एडिस डासाला असेच स्वच्छ, साचलेले पाणी हवे असते. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडे नुसते रिकामे करणे पुरत नाही, ते आतून घासावेही लागते.

वर्गात करून पाहा

भाताची पेज बरीच पातळ करून तिच्यात टिंक्चर आयोडीनचे काही थेंब टाका. पाणी निळे होईल. हे निळे पाणी चार परीक्षानळ्यांत सारखे घ्या. किवी, पेरू, संत्रे आणि बोर यांचा प्रत्येकी १० ग्रॅम गर १०० मिलिलिटर पाण्यात वाटून गाळून घ्या. एकाच मापाच्या ड्रॉपरने प्रत्येक नळीत एकेका फळाचे पाणी थेंबाथेंबाने टाका आणि निळा रंग जायला किती थेंब लागले ते मोजा. ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनचे रूपांतर आयोडाइडमध्ये करते, म्हणून रंग जातो. जितके थेंब कमी, तितके जीवनसत्त्व जास्त. फळातले इतर काही पदार्थही आयोडीनवर थोडा परिणाम करतात, त्यामुळे हा अंदाज आहे, अचूक माप नव्हे. तोच रस उकळून पुन्हा मोजला तर शिजवण्याने काय होते तेही कळेल. हे द्रव कोणी चाखू नये.

यानंतर विद्यार्थ्यांना बाजारात पाठवून चारही फळांचे भाव विचारून आणायला सांगा आणि १०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व कोणत्या फळातून किती रुपयांना पडते, याचे कोष्टक फळ्यावर मांडा. ते वहीत उतरवून विद्यार्थी घरी नेतील. पुढच्या तापाच्या हंगामात पैसे कशावर खर्चावेत हे ठरवताना ते कोष्टक घरात असलेले बरे.