ऐकीव विज्ञान

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. शुकदास महाराजांनी स्वामी विवेकानंदांच्या नावाने तेथे जो आश्रम उभारिला, त्यावरूनच गाव आज ओळखिले जाते. आश्रमाच्या आश्रयाने तेथे शाळा व कृषी महाविद्यालय चालते. आणि दरवर्षी विवेकानंदांच्या जन्मोत्सवास अफाट जनसमुदाय शेतात पंगती धरून पुरी आणि वांग्याची भाजी असा महाप्रसाद घेतो. त्या उत्सवाचे वर्णन करणे हा आजचा हेतू नाही. विवेकानंदांचे नाव आणि शाळा ही दोन एकत्र दिसली म्हणजे आम्हास एक जुनी हकीकत आठवते. १८९३ साली योकोहामाहून व्हँकुव्हरास जाणाऱ्या आगबोटीत स्वामीजी व जमशेटजी टाटा यांची गाठ पडली. पाच वर्षांनी, १८९८ च्या नोव्हेंबरात, जमशेटजींनी त्यांस पत्र लिहून कळविले की, विज्ञानसंशोधनाची एक संस्था काढण्याचा आपला विचार आहे आणि या देशातील त्यागवृत्ती विज्ञानाकडे वळविण्याच्या कामी आपण पुढाकार घ्यावा. ती संस्था १९०९ साली बंगळुरास स्थापन झाली. व्यापाऱ्याने संन्याशापाशी मागणे मागितले ते विज्ञानासाठी, ही गोष्ट आमच्या पेठांतील वाचकांनी ध्यानी धरावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

बंगळुरच्या संस्थेत पोचणारा मुलगा आधी कोणत्या तरी गावच्या आठवीत बसलेला असतो. तेथे त्यास विज्ञान म्हणून काय मिळते?

आम्ही स्वतः ज्या शाळेत शिकलो तेथे विज्ञानाचे एक कपाट होते. त्यात चंचुपात्रे, परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि दोन भिंगे होती, व कपाटास कुलूप होते. किल्ली मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणात असे. कारण प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढविलेली असून फुटलेल्या नळीचा जाब शिक्षकास द्यावा लागे. त्या शिक्षकांस आम्ही दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत नळी न वापरणारा निर्दोष ठरतो आणि वापरणारा अपराधी, तेथे शहाणा मनुष्य दुसरे काय करील? ऑक्सिजन आम्हास फळ्यावर तयार करून दाखविण्यात आला. खडूच्या बाणावरून तो वायुपात्रात शिरला. आणि ‘धुमसती काडी भडकली’ असे आम्ही सर्वांनी प्रयोगवहीत लिहिले. काडी कोणीच पाहिली नव्हती. पुढे वकिलीचा धंदा पत्करल्यावर उमगले की, तो आमच्या हातचा पहिला खोटा जबाब होय.

ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही, हे पक्षकारीच्या खेपा घालणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सांगितले की, पाहिलेल्या गोष्टीविषयी साक्ष द्यावयाची तर ती पाहणारानेच द्यावी. २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व तसेच राहिले आहे. शेजाऱ्याच्या बांधाविषयीच्या दाव्यात आपण जेवढी सावधगिरी मागतो, तेवढी सृष्टीच्या नियमांविषयी मागू नये काय? मुलास पाणी १०० अंशांवर उकळते हे पाठ येते. परंतु उकळत्या पाण्यात तापमापक धरून पारा तेथेच ठरतो की थोडा आधी थांबतो हे त्याने पाहिलेले नसते. बुलढाण्याचे पठार समुद्रसपाटीपासून उंच असल्यामुळे तो किंचित आधीच थांबेल. आणि मग ‘का?’ असा जो प्रश्न मुलाच्या तोंडून निघेल, तेथून विज्ञानाचा पहिला धडा सुरू होतो. पाठांतर करणाऱ्या वर्गात हा प्रश्न कधी उठतच नाही.

कोणी म्हणेल की, प्रात्यक्षिकाची तरतूद आहेच. आहे खरी. दहावीस या विषयाच्या १०० गुणांपैकी लेखी परीक्षेचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे व प्रात्यक्षिक २० गुणांचे आहे. पण ते २० गुण शाळेच्याच हातचे. आणि निकालाची टक्केवारी हीच शाळेची अब्रू मानली गेल्यावर आपल्याच मुलाचे गुण कापणारा शिक्षक कोठे मिळावा? प्रयोगवह्या मागील वर्षीच्या वहीवरून उतरविल्या जातात, आकृत्या सुबक निघतात, आणि सर्वांचे निष्कर्ष एका शब्दानेही चुकत नाहीत. वीस साक्षीदार एकच जबाब अक्षरशः देऊ लागले म्हणजे न्यायाधीशाचा संशय बळावतो. शाळेत मात्र त्यास उत्तम गुण पडतात.

आता याच मुलखाकडे पाहा. मेहकरास लागूनच लोणार आहे. त्या विवराची नोंद अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली केली. पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे तोंड की उल्केचा आघात, हा वाद चालला. १९७० नंतरच्या दशकात विवराच्या तळास छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा व आघाताने झालेली काच मिळाली, तेव्हा वादाचा निकाल लागला. त्याचे वय प्रथम सुमारे ५० हजार वर्षे धरीत. पुढे आर्गॉनच्या मोजणीने ते साडेपाच लाखांहून अधिक निघाले. विज्ञान आपलाच निवाडा पुराव्यानिशी फिरविते, याचे याहून जवळचे उदाहरण विदर्भातील मुलास कोठे मिळणार? २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा गावोगाव नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होय. ज्या मुलाने सूक्ष्मदर्शकातून साध्या डबक्याचे पाणीही कधी पाहिले नाही, त्याने या शोधावर विश्वास ठेवला तरी तो विश्वासच; अफवेवर ठेवला असता तर त्याहून निराळे काय झाले असते?

लोणारचे पाणी तीव्र आम्लारिधर्मी आहे. ते आणून हळदीच्या कागदावर टाकले तर कागद लाल होईल, लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. (तळे अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीवाचून पाणी आणू नये. धुण्याच्या सोड्यानेही हेच होते, व तो कोणत्याही किराणा दुकानी मिळतो.) महाप्रसादाची पुरी कढईत का फुगते, हे विचारण्यास तर नळीही लागत नाही. कणकेतील पाण्याची वाफ होताना ते सुमारे १६०० पट जागा मागते, एवढे कळले की मुलगा आईच्या चुलीकडेही निराळ्या डोळ्यांनी पाहू लागेल.

भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. १९७४ साली मुंबईस होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. त्याच्या लोकांनी जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातील शाळांत जाऊन काम केले. आणि केंद्राचे वि. गो. कुलकर्णी यांनी दाखवून दिले की, गरिबाघरच्या मुलास विज्ञान अवघड जाते ते पुष्कळदा विज्ञानामुळे नसून पुस्तकाच्या भाषेमुळे. असे असता आमच्या मराठी शाळा ‘सेमी-इंग्रजी’चा फलक लावण्यास धावत आहेत, आणि गणित व विज्ञान हे नेमके दोन विषय परभाषेत लोटीत आहेत. इंग्रजी मुलांनी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. परंतु प्रश्न विचारण्याची भाषा काढून घेतली की वर्गात उत्तरेच उरतात. ‘अपवर्तन’ हा शब्दही मुलास काही घरी मिळालेला नसतो, हे आम्हास मान्य आहे. म्हणूनच पाण्यात वाकडी दिसणारी काठी आधी दाखवावी, शब्द मागाहून द्यावा.

राहिला पैशाचा आक्षेप. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याच्या १६ शाळांत प्रयोगांवर उभारलेला अभ्यासक्रम सुरू झाला. तो पुढे शेकडो खेड्यांच्या शाळांत पसरला, परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रयोग करून दाखवावा लागे. २००२ साली सरकारने तो बंद केला, यात कोणाचे हित साधले ते आम्हास आजवर कळलेले नाही. पण तीस वर्षे तो चालला, यावरून एवढे सिद्ध होते की दरिद्री शाळेतही हे काम होऊ शकते. आमच्याकडे अंताजीपंत काळे यांनी एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. एका परीक्षानळीची किंमत आज दुकानदाराच्या दोन कप चहाइतकीही नाही.

मेहकर, चिखली, लोणार येथील व्यापाऱ्यांस आमची सूचना अशी की, प्रत्येक पेठेने जवळच्या एका शाळेची फूटतूट आपल्या अंगावर घ्यावी. इमारतीस देणगी देऊन फरशीवर नाव कोरण्याची हौस पुष्कळांस असते. फुटलेल्या काचेवर नाव कोरता येत नाही, तेव्हा ही देणगी थोडी कठीण जाईल. शाळासंस्थांनी मात्र आधी एक ठराव करावा: विद्यार्थ्याच्या हातून प्रयोग करताना फुटलेली वस्तू शिक्षकाकडून भरून घेतली जाणार नाही, तिची नोंद निराळ्या वहीत होईल, आणि वर्षअखेर ती वही कोरी निघाल्यास त्याचे कारण मुख्याध्यापकांस विचारले जाईल. अशा ठरावाचा मसुदा कोणा शाळेस हवा असल्यास तो आमच्या कचेरीतून विनामूल्य मिळेल.