पेटीत पडलेले २५ सेंट

हार्वर्डचे तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांच्या ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ (१९७४) या ग्रंथातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. समाजातील संपत्तीचे वाटप तुम्हाला न्याय्य वाटेल तसेच झाले आहे, असे समजा. विल्ट चेंबरलेन हा बास्केटबॉलचा लाडका खेळाडू. सामन्याला येणारा प्रत्येक प्रेक्षक त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत २५ सेंट टाकतो. हंगामात दहा लाख प्रेक्षक आले, की त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. समान वाटपाची घडी विस्कटली. पण सक्ती कुणावरच झाली नाही. मग अन्याय कुठे झाला?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र ते नाणे पेटीत पडते ते हौसेपोटी, त्या खेळाडूवरच्या लोभापोटी. नोझिक त्याची चौकशी करत नाहीत. त्यांच्या सिद्धांताला ती गरजच नाही. हेतू विवेकाचा असो की लहरीचा, हक्क अबाधित. लिबर्टेरियन विचार म्हणजे कोरड्या, हिशेबी माणसाचे तत्त्वज्ञान, ही समजूत बहुधा आयन रँड यांच्या कादंबऱ्यांतून पसरली. भावना हे ज्ञानाचे साधन नव्हे, असे त्या बजावत. (स्वतःला ‘लिबर्टेरियन’ म्हणवून घेणे त्यांना मुळीच रुचत नसे, हा भाग वेगळा.) उलट हायेक यांचा रोख बुद्धीच्याच अहंकारावर होता: समाजाची घडण कुणा एकाच्या योजनेत मावत नाही.

१९८९मध्ये, ‘द एक्झॅमिन्ड लाइफ’मध्ये, नोझिक यांनी आपली जुनी भूमिका अपुरी ठरवली. शासन हे केवळ संरक्षणाचे साधन नाही; आपण एकमेकांचे काही लागतो, हे सर्वांच्या नावाने व्यक्त करण्याचीही ती जागा आहे, असे त्यांना वाटू लागले. म्हणजे १९७४मध्ये दाराबाहेर ठेवलेली भावना आता थेट शासनाच्या कारभारात आली. पण ज्याला ती आपुलकी वाटतच नाही, त्याचे काय? बहुमताने ठरवले तर त्यालाही सहभागी व्हावे लागेल, असे त्यांचे उत्तर होते. मला ते पटत नाही. पेटीसमोरून परतणाऱ्या प्रेक्षकाचा फक्त सामना हुकतो. कर न भरणाऱ्याच्या दारात मात्र सरकारी माणूस येतो.

२००१च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की आपण लिबर्टेरियन विचार सोडल्याची वार्ता बरीच फुगवलेली आहे. पुढच्याच जानेवारीत ते वारले.