खत घालायचे ते पाऊस बघून

शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार हाती घेतला, त्या सप्तकोटेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर, चिऱ्यांच्या कुंपणाआड दोनेक गुंठ्यांची हिरवळ आहे. तिला खत पडते ते चतुर्थी आटोपून पावसाचा जोर ओसरल्यावर. जूनमध्ये नाही. पहिल्या सरीबरोबर युरिया फेकणारे पुष्कळ, आणि महिन्याभरात गवत पुन्हा पिवळे पडले की तेच खताला नावे ठेवतात. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. युरियातले ४६ टक्के नत्र मातीत नायट्रेट झाले की पाण्याबरोबर खाली उतरते. २०१५ पासून देशात बनणाऱ्या युरियाला कडुनिंबाचे तेल चोळणे सक्तीचे झाले, त्याने हा बदल मंदावतो. पण जुलैतल्या पावसापुढे ते अपुरेच. उतारावरचे खत नदीकाठच्या खाजन शेतात जाते, तिथून मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, मांडवीत. म्हणजे गवत उपाशी आणि नदीला नको तो खुराक.

खत घालायच्या दिवशी माळीदादांनी आधी वाकून पात चाचपली. दव होते. “जरा थांबूया, पात सुकू दे,” म्हणाले. ओल्या पात्यावर दाणा चिकटला की तिथेच विरघळतो, पात्यातले पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत करपल्याचा तपकिरी ठिपका उमटतो. ऊन वर आल्यावर घमेल्यात मिश्रण झाले: गुंठ्याला अर्धा किलो युरिया, त्यात चाळलेले कोरडे गांडूळखत तिप्पट. अर्धे पूर्व-पश्चिम चालत, उरलेले दक्षिणोत्तर, म्हणजे पट्टे राहत नाहीत. हात खांद्यातून फिरतो, मूठ मात्र पुरती उघडत नाही. दाणे बोटांच्या फटींतून सुटतात. भाताला खत मारून मुरलेला हात तो! शेवटच्या फेरीनंतर लगेच विहिरीच्या पंपाचा पाइप सोडला, पाती धुऊन पाणी मुळांपर्यंत जाईतो. युरिया वरच राहिला तर त्यातले नत्र अमोनिया होऊन हवेत उडते.

इथल्या तांबड्या मातीची खरी अडचण वेगळीच. ती आम्ल, शिवाय लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली. स्फुरद घातले की ही दोन्ही त्याला जखडून ठेवतात. मग डीएपीची पोती ओतून काय होणार? त्याआधी मातीची तपासणी करावी, आम्लता फार असेल तर चुना द्यावा. शिंपल्यांचा भाजलेला चुना आपल्याकडे घरे बांधायला पिढ्यान् पिढ्या वापरला, तो जपून, थोडाथोडा इथेही चालतो. मात्र चुना आणि युरिया एका दिवशी कधीच नको. नत्र वाऱ्यावर जाते.

पिवळेपणाही नीट वाचावा लागतो. खालची जुनी पाने आधी पिवळी झाली तर नत्र कमी. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर लोहाची उणीव; ती अशा आम्ल मातीत क्वचितच.

उन्हातल्या भागात हरळी आहे, आंब्याच्या सावलीत रुंद पानाचे गवत. सावलीतल्याला मात्रा निम्मीच दिली, कारण ते वाढते हळू. जास्त नत्राने लुसलुशीत होऊन बुरशीला बळी पडते. कापणीत पात्याचा तिसरा हिस्साच काढायचा आणि बारीक कातरण जागीच सोडायचे. झाडून कचऱ्यात टाकले तर त्यातले नत्रही जाते आणि तेच पुन्हा पैसे मोजून आणावे लागते.