दर्याकाठची राहुटी

मराठीला तंबूचे वावडे कधीच नव्हते. डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना असे एकाच कापडी घराचे निरनिराळे थाट सांगणारे शब्द आपल्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाहुणा घरी येऊन टेकला की तो ‘डेरेदाखल’ होतो, आणि सावली देणारे झाड ‘डेरेदार’ असते. त्यामुळे अलीकडे तरुण मंडळींच्या तोंडी जो ‘ग्लॅम्पिंग’ शब्द ऐकू येतो, त्याला बिचकण्याचे कारण नाही. ‘ग्लॅमर’ आणि ‘कॅम्पिंग’ या दोन शब्दांना एकमेकांत कोंबून तो तयार झाला, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०१६ साली त्याला आपल्या पंगतीत बसवून घेतले. अर्थ एवढाच की, राहायचे तंबूत, पण झोपायचे पलंगावर. बाहेर रातकिडे, आत पंखा. आणि न्हाणीघर तंबूला लागूनच. आपण त्याला ‘थाटाची राहुटी’ म्हणू.

या राहुट्या आता कोकणच्या किनाऱ्यावरही उभ्या राहू लागल्या आहेत. दिवाळीचा फराळ संपत आला की घरोघर सहलीचे बेत शिजू लागतात, आणि यंदा त्यात या राहुटीचे नाव पुष्कळ ठिकाणी निघेल. म्हणून त्या बेतात उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले. उदाहरणासाठी मालवणचा परिसर घेऊ. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये तारकर्लीपासून देवबागपर्यंत गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी, आणि जवळच समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग! राहुटीला याहून देखणी जागा शोधून सापडणार नाही. आणि राहुटीची परीक्षा पाहणारी जागाही हीच.

बेत आखताना आपण पहिल्याने काय पाहतो? छायाचित्र पाहतो. त्यात शुभ्र कापड, लाकडी फळ्यांची ओसरी, दोन खुर्च्या आणि पुढ्यात निळे पाणी असते. ते पाणी किती वाजता कोठवर येते, हे मात्र छायाचित्र सांगत नाही. ते भिंतीवरचे पंचांग सांगते.

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीचा जो अंक असेल त्याची पाऊणपट करा. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भाऊबीज द्वितीयेची, म्हणून दीड वाजता भरती, आणि सहा तासांनी, साडेसातच्या सुमारास, ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, मुंबईकडे भरती थोडी उशिराही येते. पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असतो. उधाणात पाणी वर जास्त चढते आणि खाली जास्त उतरते. भांगात ते बेतानेच वागते.

आता गंमत पाहा. आपला सर्वांत मोठा सुटीचा सण म्हणजे दिवाळी, आणि लक्ष्मीपूजन अमावस्येचे. म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत समुद्र नेमका उधाणावर! ज्या राहुटीपासून पाणी ‘अगदी हाताच्या अंतरावर’ असल्याचे जाहिरातीत अभिमानाने सांगितलेले असते, त्या राहुटीत अमावस्येच्या रात्री झोप लागेलच असे नाही. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचेही दिवस. २०१९ साली लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, ‘क्यार’ नावाचे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात घोंघावत होते. ते आपल्या किनाऱ्याला न लागता पश्चिमेकडे वळले, तरी जाता जाता त्याने कोकणाला पावसाने झोडपले आणि लाटांनी धडका दिल्या. तेव्हा शक्य असेल त्यांनी दिवाळीनंतर तीन-चार आठवडे थांबावे. मार्गशीर्ष, पौष आणि माघ हे राहुटीचे खरे महिने. हवा कोरडी, रात्री सुखद, आणि ऊनही सोसवेल इतकेच.

तिथी ठरली की गाडी. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली आणि मालवणला जाणाऱ्यांना कुडाळ स्थानक सोयीचे झाले. तेथून मालवण तीसेक किलोमीटर. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

नंतर वाऱ्याचा विचार. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री जमीन निवली की मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ज्या राहुटीला दोन्ही बाजूंनी वाट आहे, ती दिवसरात्र हवेशीर राहते. फक्त समुद्राकडेच तोंड असलेली राहुटी चित्रात सुरेख दिसते, पण रात्री आत कोंदट होते. कापड तापायला वेळ लागत नाही, म्हणून दुपारी राहुटीवर सावली आहे का ते विचारावे. सावली सुरूच्या बनाची असावी. नारळाच्या झाडाखाली मात्र राहुटी नको. नारळ पडताना खाली पाहुणा आहे की नाही ते पाहत नाही. आणखी एक सूचना माझी नाही, आमच्या घरातली आहे. अशाच एका बेताच्या वेळी चित्रे पाहून सगळे हरखले असताना पत्नीने विचारले, “ते सगळं ठीक आहे हो, पण आईंना रात्री दोनदा उठावं लागतं. न्हाणीघर आत आहे की वाळूतून चालत जायचं, तेवढं आधी विचारा.” ज्यांच्याबरोबर वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी हा प्रश्न पहिला विचारावा.

येथपर्यंतचे प्रश्न आपल्या सुखाचे झाले. आता जो विचारायचा तो शेजाऱ्याच्या सुखाचा आहे, आणि सगळ्या बेताचे मर्म मला त्यातच दिसते. तो प्रश्न आहे पाण्याचा; समोरच्या खाऱ्या पाण्याचा नव्हे, पायाखालच्या गोड्या पाण्याचा.

सिंधुदुर्ग पाहायला जाणारा प्रत्येक जण तेथल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत डोकावतो. शिवछत्रपतींनी १६६४ साली या किल्ल्याचे काम सुरू करवले. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, या नवलाने माणूस थक्क होतो. किनाऱ्यावरच्या वाळूत राहणारी कुटुंबे असेच एक नवल रोज वापरत असतात. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खारे पाणी जड असल्यामुळे त्याच्यावर साईसारखे तरंगते. हिशेब असा की, हे गोडे पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. याची दुसरी बाजू भीतिदायक आहे. उपसा होऊन वरची पातळी फूटभर उतरली, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. एकदा विहीर खारावली की ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.

गेल्या माघात त्या बाजूला गेलो असताना एका घराच्या अंगणात विहिरीचे पाणी प्यालो. पाणी गोड लागले, तसे मी बोलूनही दाखवले. त्यावर घरातल्या काकू म्हणाल्या, “आता गोड लागता, मास्तरानू. चैतात मचूळ लागता. मगे पियाक पाणी खयसून हाडूचा?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, पण तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसून घरी आला.

आता थाटाच्या राहुटीचा थाट आठवा. स्नानाचे टब, दिवसातून दोनदा धुतलेल्या चादरी, हिरवळीवरचे फवारे, एखादा पोहण्याचा हौद. हे पाणी समुद्रातून येत नाही. ते त्याच वाळूतून, त्याच साईतून येते. आणि वापरून झालेले सांडपाणी नीट बांधलेल्या टाकीत न जाता वाळूत सोडले, तर ते शेजारच्या विहिरीत पोचायला वेळ लागत नाही. वाळू कोणाला अडवत नाही. छावणीच्या थाटाचा भार कोणाला तरी वाहावा लागतो, हे पानिपताच्या वाटेवर बायकामुले, यात्रेकरू आणि बुणगे यांचा लवाजमा घेऊन निघालेल्या फौजेला कळले होते. किनाऱ्यावर हा भार त्या काकूंची विहीर वाहते.

तेव्हा जागा ठरवताना दूरध्वनीवर दराबरोबर आणखी चार गोष्टी सरळ विचाराव्यात. पाणी कोठून येते? सांडपाणी कोठे जाते? किनाऱ्याच्या नियमांप्रमाणे परवाना आहे ना? आणि रात्री किनाऱ्याकडचे दिवे मालवतात का? किनाऱ्याचे नियम १९९१ पासून आहेत आणि आज २०१९ची अधिसूचना लागू आहे. व्यवस्थित काम करणाऱ्याला त्याबद्दल बोलायला अवघड जात नाही. दिव्यांचा प्रश्न कासवांसाठी. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. ती उजेडाच्या रोखाने धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. झगमगत्या किनाऱ्यावर तो आपल्या ओसरीचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. आज तेथे पिल्ले पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात आणि त्यांच्याच चुलीवरचे जेवतात.

वेळासवरून सुचलेला एक बेत सांगतो. चार रात्रींची सहल असेल तर दोन रात्री राहुटीत काढा आणि दोन एखाद्या घरगुती न्याहारी-निवासात. राहुटीतल्या दोन रात्रींत कापडावर पडणारे दव, पहाटेचा मतलई वारा आणि लाटांचा आवाज यांचे सुख पुरेपूर मिळते; तिसऱ्या रात्रीपासून माणूस पंख्याच्या वेगाबद्दल कुरकुरू लागतो. घरातल्या दोन रात्रींत सोलकढी आणि घावन मिळतात, खर्च आटोक्यात राहतो, पैसा गावात राहतो, आणि देवबागच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्यात का उतरू नये, हे सांगणारे माणूस भेटते. नदीचे आणि खाडीचे पाणी त्या वेळी समुद्राकडे असे ओढ घेते की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. ही सूचना कोठल्याही जाहिरातीत छापलेली नसते, आणि तिच्यावाचून सहलीला जाऊ नये.

आता पंचांग काढा. नाताळच्या सुटीत अष्टमी कधी येते ते पाहा, तिच्या मागेपुढे दोन दिवस धरा, आणि चौकशीला लागा. “सांडपाणी कोठे जाते?” या प्रश्नावर पलीकडचा माणूस गोंधळला, तर दुसरा क्रमांक फिरवा. किनारा लांब आहे, आणि नीट उत्तर देणारी माणसेही त्यावर आहेत.