वाफशावरची शर्यत

शनिवारी नॉक्सव्हिलला जायचं ठरलं की आमच्या गाडीच्या डिकीत सगळ्यात आधी एक जुनी सोलापुरी चादर पडते. मग कानात घालायचे स्पंजचे बोळे, स्वस्तातले गॉगल आणि शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळलेल्या पोळ्या. चादर पांघरायला नसते, जागा धरायला असते. अमेरिकेतल्या बऱ्याच मातीच्या ट्रॅकवर लोक दुपारीच येऊन बाकांवर आपापल्या चादरी पसरून जातात आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे रुमालावरून भांडणं होतात, इथे चादरीवरून झालेलं एकही मी अजून पाहिलेलं नाही.

नॉक्सव्हिल हे आयोवा राज्यातलं साडेसातेक हजार वस्तीचं गाव. डे मॉइन शहरापासून आग्नेयेला मक्याच्या रानांमधून पाऊण तास गाडी हाकली की येतं. तिथल्या काउंटीच्या जत्रेच्या मैदानात अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण आठशे मीटरचा लंबगोल ट्रॅक आहे. डांबर नाही, काँक्रीट नाही, नुसती काळी माती. अमेरिकेत असे कितीतरी ट्रॅक जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतींच्या वाटांवरच उभे राहिले. वसंतात इथल्या शनिवारच्या शर्यती सुरू होतात आणि उन्हाळाभर चालतात. ऑगस्टमध्ये ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ ही मोठी शर्यत असते. ती 1961 पासून भरते, आणि तेव्हा गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसं तिथे लोटतात.

पहिल्या वर्षी मी हौसेने सगळ्यात पुढच्या रांगेत बसले होते. घरी गेल्यावर केस तीनदा धुवावे लागले. जाणते लोक वर बसतात. पण नक्की बघायचं काय, हे मला कळलं ते 2016च्या उन्हाळ्यात, कराडजवळच्या गावाहून अण्णा आणि आई आमच्याकडे आले तेव्हा. अण्णा म्हणजे माझे वडील, आयुष्यभर ऊस आणि आलं पिकवलेले. इंग्रजी येत नाही, मोटारींची आवड नाही. त्यांच्या लेखी शर्यत म्हणजे बैलगाड्यांची, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालानंतर त्याही बंद होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या 2021च्या डिसेंबरात. बंदीच्या त्या काळात मग “शर्यत हाय म्हणतीस तर चल की,” एवढ्यावर ते उठले.

चौथ्या वळणाच्या अंगाला, बऱ्यापैकी वर आम्ही बसलो. सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि एक ढेकूळ थेट अण्णांच्या मांडीवर येऊन पडलं. आई धोतर झटकायला धावली. अण्णांनी तिचा हात बाजूला केला, ढेकूळ मुठीत धरून दाबलं, मूठ उघडली. गोळा जसाच्या तसा होता. मग त्यांनी त्यात अंगठा खुपसला. गोळ्याची दोन शकलं झाली, पण भुगा झाला नाही.

“वाफशावर हाय,” ते म्हणाले. “कोण बघतंय हितलं रान?”

पाऊस पडून गेल्यावर रान ना चिखल असतं ना फुफाटा, ओल आहे पण औताला चिकटत नाही, तो वाफसा. मराठी शेतकऱ्याला हा शब्द उलगडून सांगायची गरज नाही. इथल्या ट्रॅकवाल्यांकडे नेमका असा शब्द नाही, पण आठवडाभर ते याच अवस्थेच्या मागे असतात. शर्यतीच्या आधी ट्रॅक उकरायचा, टँकरने पाणी मारायचं, ते मुरू द्यायचं, पुन्हा मारायचं. वर नुसता शिडकावा केला तर वरचा थर घसरडा होतो आणि खालची माती कोरडीच राहते. पाणी वीतभर खाली उतरलं पाहिजे, म्हणजे रात्रभर ओल हळूहळू वर येत राहते. काही ट्रॅकवर पाण्यात कॅल्शियम क्लोराइडही मिसळतात, ते ओल धरून ठेवतं. मग ग्रेडरने उतार सारखा करायचा, रोलर फिरवायचा. तालमीतल्या तांबड्या मातीला ताक, तेल, लिंबू, हळद घालून वस्ताद जसे तिची निगा राखतात, तशीच ही चिकाटी. इथे फक्त फावड्याच्या जागी ग्रेडर असतो.

संध्याकाळी शर्यतीच्या मोटारी येतात त्याही आधी धावायला नाही, तर माती दाबायला. याला पॅकिंग म्हणतात. पंधरा-वीस गाड्या रमतगमत गोल फिरतात आणि रुंद चाकांनी ओली माती चेपत जातात. नवख्या माणसाला वाटतं, हे काय कंटाळवाणं चाललंय. अण्णा मात्र पुढे सरकून बसले होते. “मळणी चाललीया,” त्यांनी नातवाला सांगितलं.

आता मोटारीकडे वळू. स्प्रिंट कार हा एक विचित्र प्राणी आहे. तिला चावी नाही, स्टार्टर नाही, क्लच नाही, आणि गिअर म्हणावेत असे गिअरही नाहीत. एंजिन मागच्या आसाला जोडायचं किंवा सोडवायचं, एवढीच सोय. त्यामुळे ती सुरू करायची तर मागून दुसऱ्या गाडीने ढकलावी लागते. चाकं फिरली की एंजिन फिरतं, चालक तेलाचा दाब चढलेला बघतो, मग इंधन आणि ठिणगी सोडतो. एक उचकी, आणि नंतर असा आवाज की पोटात जाणवतो. पावसाळ्यात स्कूटर ढकलून चालू केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

एंजिन 410 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.7 लिटरचं, आठ सिलिंडरांचं. ताकद नऊशे अश्वशक्तीच्या आसपास. आणि गाडीचं वजन? चालक धरून साधारण 650 किलो. आपली जुनी मारुती 800 जवळपास तेवढीच भरायची आणि तिची ताकद होती सदतीसेक अश्वशक्ती. इंधन पेट्रोल नाही, मेथनॉल. पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, उभं राहिलं की ते डोळ्यांना झोंबतं. त्याची आग पाण्याने विझते हा फायदा, पण दिवसाउजेडी ज्वाळा जवळजवळ दिसत नाही हा धोका.

डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांचं पत्र्याचा पंख असतो. विमानाचा पंख वर उचलतो, हा उलटा लावलेला असल्यामुळे खाली दाबतो. वेग जितका जास्त तितकी गाडी मातीला जास्त चिकटते. चालक बसल्या जागेवरून पंख पुढेमागे सरकवू शकतो. रात्री माती निसरडी होत गेली की पंख मागे मागे जातो, म्हणजे दाब मागच्या चाकांवर यावा. पुढची गाडी पंख कुठे नेतेय यावरून तिच्याखालची माती कशी झालीय याचा अंदाज लांबूनही करता येतो.

आणि चाकं. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं, घेरात कित्येक इंचांनी. गाड्या फक्त डावीकडेच वळतात, घड्याळाच्या उलट. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, म्हणजे दोन्ही बरोबरीनेच फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, म्हणून ते मोठं. माझ्या मुलाला हे कळेना. घरी आल्यावर आईने स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर घरंगळत सोडला. तोंड रुंद, बूड अरुंद, त्यामुळे पेला सरळ न जाता गोल फिरला. “ही तुझी गाडी,” ती म्हणाली. इतकं सोपं मला तरी सुचलं नसतं.

वळणावर या गाड्या आडव्या होऊन जातात. चालक डावीकडे वळतोय आणि पुढची चाकं उजवीकडे तोंड करून आहेत, हे पहिल्यांदा बघताना चुकीचंच वाटतं. वळणात शिरताना तो गाडीचा मागचा भाग मुद्दाम बाहेर फेकतो. गाडीचं तोंड आतल्या बाजूला झालं की मागची चाकं तिला आडवं ढकलत वळवतात. मग वळायचं काम स्टीअरिंगपेक्षा ॲक्सिलरेटरवर जास्त चालतं, स्टीअरिंग फक्त तोल सांभाळतं. टायर मऊ असतात, हवा सायकलच्या ट्यूबपेक्षाही कमी, म्हणजे ते मातीत रुततात, ती खरवडतात आणि मागे फेकतात. आठशे मीटरची ही फेरी पंधरा-सोळा सेकंदांत पुरी होते. समोरून उडणारा चिखल चालकाच्या हेल्मेटच्या काचेवर बसतो. काचेवर पातळ प्लॅस्टिकचे थर एकावर एक लावलेले असतात आणि तो धावता धावता एकेक फाडून टाकतो.

ही खरवडलेली माती जाते कुठे? बाहेरच्या कडेला. तिथे फेरीगणिक एक बुटका बांध तयार होतो. त्याला कुशन म्हणतात. मागचं उजवं चाक त्या बांधाला टेकवून गाडी हाकली की तिला आधार मिळतो आणि चालक बिनधास्त ॲक्सिलरेटर दाबतो. पण बांधाच्या पलीकडे मोकळी माती आणि भिंत, दुसरं काही नाही. तो ओलांडला की पंचाईत.

रात्रीचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी सगळ्यांचा वेळ मोजतात, मग छोट्या छोट्या हीट होतात आणि शेवटी मोठी फीचर. गंमत हीटमध्ये आहे. वेळेत जो सगळ्यात वेगवान ठरला त्याला पुढे नाही, मागे उभं करतात. म्हणजे हुशार पोराला मागच्या बाकावर बसवून, तिथून ओलांडत ये म्हणायचं. जे हीटमधून थेट फीचरला जात नाहीत त्यांच्यासाठी बी-मेन नावाची आणखी एक शर्यत. नॅशनल्समध्ये तर अक्षरांची शिडीच असते, खालच्या शर्यतीतले पहिले काही वरच्या शर्यतीत शेवटी उभे राहतात. तिथली शेवटची शर्यत पन्नास फेऱ्यांची. स्टीव्ह किन्सर नावाच्या माणसाने ती बारा वेळा जिंकली आहे. प्रत्येक शर्यतीनंतर गाडी पिटमध्ये परतली की मंडळी आधी उलथन्यासारखी पाती घेऊन गाडीला चिकटलेली माती खरवडतात, कारण तिचंही वजन होतं.

त्या रात्री हीट संपेपर्यंत सूर्य मावळला आणि ट्रॅक पालटला. ऊन, वारा आणि चाकांचं घासणं यांनी वरची ओल गेली, मधला पट्टा गुळगुळीत होऊन दिव्यांखाली चमकायला लागला. यालाच ट्रॅक स्लिक होणं म्हणतात. अशा पट्ट्यावर नऊशे अश्वशक्ती ओझंच होते. दाबलं की चाक जागच्या जागी फिरतं. मग चालक ओल शोधायला लागतात. काही अगदी आतल्या कडेला, गवताला चिकटून जातात, तिथे कमी चाकं गेलेली असतात. काही वर, बांधाशी.

फीचरच्या निम्म्यापर्यंत पुढची गाडी आतून चालली होती. अण्णांनी मान हलवली.

“त्यो खालचा गेला आता. वल वर गेलीया.”

मी आमच्या पुढच्या बाकावरच्या, बियाणे कंपनीची टोपी घातलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते इंग्रजीत सांगितलं. त्याने वळून अण्णांकडे बघितलं, दोन बोटं वरच्या कडेकडे केली आणि हसला. अण्णांनीही दोन बोटं केली. पुढचा तासभर त्या दोघांना माझी गरज लागली नाही.

अण्णांची आवडती गाडी पाचव्या नंबरवरून बांधाला घासत वर आली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या वळणावर तिने बांध ओलांडला. चाक मोकळ्या मातीत गेलं, गाडी तीनदा उलटली. लाल निशाण, सगळं थांबलं. आईने डोळे मिटले. एवढ्या गर्दीत लहान मूल रडल्याचंही ऐकू येत होतं. मग लोखंडी पिंजऱ्यातून चालक स्वतः बाहेर आला, हात वर केला, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अण्णा गप्पच होते. पुन्हा सुरू झाल्यावर तिसरी गाडी त्याच वरच्या कडेने, पण बांधाच्या बोटभर आतून गेली आणि चार फेऱ्या उरल्या असताना आतल्याला मागे टाकून जिंकली.

“वल बरोबर होती,” परतताना ते गाडीत म्हणाले, “त्या पोरानं बांध मोडला.” दुसऱ्यांचा बांध मोडणाऱ्याबद्दल गावात जो सूर लागतो, तोच होता.

अण्णा त्यानंतर पुन्हा आले नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. पण आयोवात शनिवारी रात्री दहाला फीचर संपते तेव्हा कराडात रविवारचे साडेआठ वाजलेले असतात, आणि आम्ही पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत फोन वाजतो. कोण जिंकलं ते ते विचारत नाहीत. नातू स्पीकर चालू करतो, खिडकीतून मेथनॉलचा वास येत असतो, आणि पलीकडून आवाज येतो, “हां, रान कसं हुतं आज?”