एक न्यूट्रॉन द्या, दोन घ्या

संलयन अणुभट्टीचा जमाखर्च काठावरचा आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियमची केंद्रकं एकत्र आली की हेलियम तयार होतो आणि १४.१ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक न्यूट्रॉन सुसाट सुटतो. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच. साठवावं तर १२.३ वर्षांत निम्मं उरतं. म्हणून भट्टीनेच ते पिकवायचं, भोवतीच्या लिथियमवर न्यूट्रॉन आदळवून. एक ट्रिटियम जाळलं, एक न्यूट्रॉन मिळाला, त्यातून पुन्हा एक ट्रिटियम. पण काही न्यूट्रॉन पोलादात जिरतात, काही निसटतात. मग तूट कोण भरणार?

बेरिलियम! पाचूच्या घडणीत असलेला हा हलका धातू. वेगवान न्यूट्रॉन त्याच्या केंद्रकावर आदळला की दोन हेलियम केंद्रकं आणि चक्क दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात. तूट भरली. पण तो हेलियम जाणार कुठे? धातूतच अडकतो, बुडबुडे होतात, धातू फुगतो आणि त्या बुडबुड्यांत ट्रिटियमही दडून बसतं. त्यात अपघातात तापलेल्या बेरिलियमला वाफ लागली तर हायड्रोजन सुटतो, ती वेगळीच धास्ती.

यावर उतारा म्हणून पुढे आलंय टायटॅनियम बेरिलाइड. बारा अणू बेरिलियमचे, एक टायटॅनियमचा. वजनात तरीही सुमारे ६९ टक्के बेरिलियमच. म्हणजे न्यूट्रॉन वाढवण्याची करामत बरीचशी शाबूत. स्फटिकात डोकावलं तर प्रत्येक टायटॅनियम अणूभोवती बेरिलियमच्या २० अणूंचा वेढा दिसतो. शुद्ध बेरिलियम १२८७ अंश सेल्सिअसला वितळतं. हे संयुग १५०० अंशांनंतरही घन राहतं. ते फुगतं कमी, ट्रिटियम लवकर सोडतं, वाफेशी फारसं भांडत नाही. एवढ्याशा टायटॅनियमने स्वभाव इतका पालटावा, याचं मला अजून नवल वाटतं.

खोट मात्र मोठी: चिनी मातीच्या कपासारखं ते ठिसूळ आहे. शिवाय बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक, त्यामुळे कारखान्यात कमालीची खबरदारी लागते. तरी जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांसाठी कझाकस्तानच्या उल्बा कारखान्याने या संयुगाचे पूर्ण आकाराचे ठोकळे बनवून दाखवले. जपानमध्ये रोक्काशोला त्याच्या बारीक गोळ्या होतात.

हे सारे गुण प्रयोगशाळेत आणि विखंडन अणुभट्ट्यांत जोखलेले आहेत. १४ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांचा वर्षानुवर्षांचा मारा त्याने अजून सोसलेला नाही. तोवर हे संयुग उमेदवारच, पण माझं मत त्यालाच.